आजीनं गोळ्या वाढवल्या

सुधाताईंच्या तोंडून "संपलं" हा शब्द कधी कुणी ऐकला असेल तर त्यानं पुढे यावं. नाही येणार कुणी. गुहागरच्या त्या बाईंनी उभ्या जन्मात संपलं, विझलं, फुटलं, बंद केलं असलं अभद्र काही उच्चारलंच नव्हतं. दिवा विझायचा नाही, वाढायचा. बांगडी फुटायची नाही, वाढायची. नारळ काय, सगळेच वाढवतात. पण या बाईंच्या घरात तांदूळ वाढायचे, मीठ वाढायचं, गॅसचा सिलिंडर वाढायचा आणि एकदा तर फोनचं रिचार्जसुद्धा वाढलं होतं. "वास्तू तथास्तु म्हणत असते गो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आता वास्तू रियाधची का असेना, अल मलाझमधल्या जुन्या इमारतीतला भाड्याचा फ्लॅट का असेना! तथास्तु म्हणायला तिला इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, थोडाच लागतो?

खाली कोपऱ्यावर कादिरचं दुकान होतं. हल्ली सक्ती उरली नाही, तरी नमाजाच्या वेळी हा गृहस्थ शटर ओढणार म्हणजे ओढणारच. कोथिंबीर आणायला गेलेल्या सुधाताई मग रिकाम्या हातानं वर येऊन सांगायच्या, "दुकान वाढवलंन त्यानं." हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांची नात ओवी, इंडियन स्कूलची अकरावी, चटकन उठून खिडकीतून वाकून बघायला लागली. "कुठे वाढवलं? सेम साइझ तर आहे!" सगळे पोट धरून हसले. तिचा बाप अनुराग तर सोफ्यावरून खाली पडायचा राहिला. हसले आणि जेवायला बसले. पोरीला अर्थ सांगावा, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मंजिरी ही सुधाताईंची सून. औषधशास्त्रात डॉक्टरेट, रियाधमधल्या एका संशोधन संस्थेत नोकरी. अनुराग आठवडाभर तिकडे रास अल खैरला, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात. घरी यायचा तो गुरुवारी. घर, मुलगी, व्हिजिट व्हिसावर आलेली सासू आणि प्रयोगशाळा हा गाडा मंजिरी एकटी हाकत होती, आणि बरा हाकत होती. आपण बरा हाकतो हे तिला ठाऊकही होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या वर्षीच्या कामावर तर तिचा जीव जडला होता. कॅनडाच्या उत्तरेला क्री नावाचे मूळचे रहिवासी राहतात. शिकारीवर, माशांवर जगणारी माणसं. ती वस्त्यांत बसली, पाव आणि कोल्ड्रिंकवर आली, आणि मधुमेहानं घरंच्या घरं धरली. तेव्हा त्यांच्यातल्या जाणत्या म्हाताऱ्यांनी आपली औषधी झाडं शास्त्रज्ञांपुढे ठेवली आणि म्हणाले, बघा तपासून. सौदीत तरी काय वेगळं? घरटी एक साखरवाला. म्हणून त्यातली काही पानं, काही साली दुसऱ्यांदा तपासायला मंजिरीच्या प्रयोगशाळेत आल्या होत्या. झाडांची नावं बाहेर फोडायची नाहीत, असा म्हाताऱ्यांशी करार होता. त्यामुळे मंजिरीच्या टेबलावर कुणी 'तांबडं पान' होतं तर कुणी 'काळी साल'. तांबडं पान म्हणजे दलदलीतलं एक झुडूप, पानाच्या पोटाला तांबूस लव.

एकदा त्या क्री वस्तीतली एक आजीबाई व्हिडिओवर बोलायला आली. सोबत दुभाष्या म्हणून भाचा. तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ, म्हणून मंजिरी घरूनच बोलत होती. सुधाताई चहा द्यायला म्हणून आल्या आणि स्क्रीनसमोर ठाण मांडून बसल्या. एक बर्फातली, एक खाऱ्या वाऱ्यातली. दोघींच्या गप्पा अशा रंगल्या की विचारू नका. "पाणी किती घालता? आटवून किती ठेवता?" भाच्यानं विचारून सांगितलं, "अर्धं." "अगो बाई! आमच्यात पण अर्धंच!" शेवटी ती आजीबाई मंजिरीला म्हणाली, "पान द्यायला हरकत नाही. पण देणाऱ्यानं घेणाऱ्याजवळ बसायचं असतं. देऊन निघून जायचं नाही." मंजिरीनं हसून मान डोलावली. किती छान संस्कृती, असं तिला वाटलं, आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

आता सुधाताईंना स्वतःलाच मधुमेह, तोही जुना. गोळ्या चालू होत्या पण साखर ऐकत नव्हती. तळपायाला एक फोड चिघळला होता आणि डॉक्टर म्हणत होते, इन्शुलिन घ्या, नाहीतर पायावर बेतेल. सुधाताई सुईचं नाव काढू देत नव्हत्या, घरी बोट टोचून साखरही बघू देत नव्हत्या. "आमच्या दादांना सुई लागली, नि वर्षाच्या आत..." एवढं बोलून गप्प व्हायच्या. पुढचं अभद्र, म्हणून वाक्य कायम अर्धंच. पाय तर रोज सुजत होता. मंजिरी रोज तो पाय धुवायची, पट्टी बांधायची, आणि सूज टेपनं मोजायची.

आणि मग तिनं करू नये ते केलं. तपासण्या पुऱ्या व्हायच्या आत, कुणाला न विचारता, मूठ-दोन मुठी तांबडं पान घरी आणलं. "आई, सकाळ-संध्याकाळ हा काढा घ्यायचा. पण गोळ्या चालूच ठेवायच्या हं. कबूल?"

"कबूल गो."

महिना झाला. पायाची सूज किंचित उतरल्यासारखी वाटली आणि मंजिरी मनातल्या मनात उड्या मारायला लागली. काय तो आनंद! हातात घेतलेलं पान, घरातलं माणूस, आणि उतरणारी सूज. शहाण्या माणसाला आनंदानं जेवढं आंधळं करता येतं तेवढं दुःखालाही येत नाही.

त्या मंगळवारी सुधाताईंची तपासणी होती. मंजिरीला नेमका त्याच सकाळी एक निकाल बघायचा होता. तिनं ओवीला शाळा बुडवायला लावून दोघींना टॅक्सीत बसवलं. डॉक्टर इब्राहीम सुदानचे, त्यांना हिंदी येत नव्हती. सुधाताईंना मराठीखेरीज काही येत नव्हतं. "ओवी, तू नीट ट्रान्सलेट कर," एवढं सांगून मंजिरी प्रयोगशाळेत गेली.

निकाल स्क्रीनवर आला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. मधुमेहाची गोळी पोटात गेली की काम करते, मग यकृत तिला मोडून बाहेर टाकतं. तांबडं पान यकृताचे हेच हात बांधून ठेवत होतं. म्हणजे वरून काढा प्यायला तर गोळी शरीरातून निघतच नाही. आज साचते, उद्या साचते, आणि एक दिवस माणसाची साखर धाडकन तळाला जाते. दोन वेळा निकाल वाचला तिनं. अरे देवा! महिनाभर आपण सासूला हेच पाजतोय!

तिनं लगेच फोन लावला. "ओवी, आजी कशी आहे?"

"मम्मा, बरं झालं केलास फोन. आजी काय करतेय माहितीये? स्वतःच्या मनानं टॅब्लेट्स जास्त घेतेय! सकाळची पण, रात्रीची पण. तिनंच सांगितलं डॉक्टरांना. मी म्हटलं, शी हॅज डबल्ड द डोस. ही वॉज शॉक्ड."

काढा, आणि वर दुप्पट गोळ्या! "ओवी, ऐक! आजीला आत्ताच्या आत्ता काहीतरी गोड दे. ज्यूस, साखर, मिळेल ते!"

"गोड? आर यू मॅड? तिची शुगर फोर हंड्रेडच्या वर आहे. डॉक्टर इतके रागावलेत. मम्मा, नर्स बोलावतेय, ठेवते." आणि फोन बंद.

मंजिरी किल्ली घेऊन खाली धावली. चारशे? दुप्पट गोळ्या, त्या बाहेर जाऊ न देणारं पान, आणि साखर चारशेच्या वर? हे गणित कुठल्या शाळेत बसत होतं? तिनं गाडी काढली. रस्त्यावर ही गर्दी, अर्ध्या तासाच्या वाटेला दोन तास. एकदा वाटलं निकाल चुकला असेल. एकदा वाटलं पान बोगस आहे. सिग्नलला थांबली असताना मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून "यल्ला, यल्ला" ओरडला तरी तिला हिरवा दिवा दिसला नाही. परत परत फोन लावत होती, आणि ओवीचा फोन काही लागत नव्हता.

हॉस्पिटलच्या निरीक्षण कक्षाच्या दाराशीच डॉक्टर इब्राहीम भेटले. शांत माणूस, पण आवाजात धार होती. "तुमच्या सासूबाई दुप्पट गोळ्या खाऊनही चारशेवर आहेत. म्हणजे गोळ्यांचा इलाज थकला. आजचा तोच दुप्पट डोस माझ्यासमोर दिला आणि वर इन्शुलिन दिलं. सुईला घाबरत होत्या, पण नातीनं हात धरला तर एक शब्द बोलल्या नाहीत."

ओवी खुर्चीत बसली होती. मोठं काम पार पाडल्याचं समाधान होतं तिच्या तोंडावर. मंजिरी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "ओवी, आजी नेमकं काय म्हणाली? इंग्लिश नको. तिचेच शब्द सांग."

"अगं सांगितलं ना. ती म्हणाली, डॉक्टरांशी खोटं बोलू नये, खरं ते सांगते. गोळ्या वाढवल्या मी. सकाळची वाढवली, रात्रीची पण वाढवली."

वाढवल्या.

मंजिरीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्या प्रकाशात ती गोठली. दिवा वाढवला. बांगडी वाढवली. दुकान वाढवलंन त्यानं. बाई गं, गोळ्या बंद केल्या होत्या हो! गुहागरच्या वैद्यांचा नेमच तो. झाडपाल्याचं औषध धरलं की दुसरं सोडायचं, पोटात दोन औषधं भांडतात. सुनेला कबूल केलेलं, म्हणून सुनेपासून लपवलं. आणि डॉक्टरपुढे खरं ते सांगितलं. अगदी खरं सांगितलं. महिनाभर एक गोळी पोटात नाही, म्हणून साखर चारशेवर. आणि आज त्या पोटात एकदम दुप्पट गोळ्या, इन्शुलिन, आणि खाली सकाळचा काढा.

"आजी कुठे आहे?"

"आत. दमली, झोपलीये. जेवण पण नाही घेतलं. चिकनचा वास आला म्हणे ताटाला."

मंजिरी आत धावली. ताट झाकलेलं तसंच होतं. सुधाताईंचं कपाळ, मान, उशी, सगळं घामानं थबथबलेलं. "आई! अहो आई!" तिनं गदागदा हलवलं. पापण्या हलल्या, तोंडातून काहीतरी जड, वेडंवाकडं आलं, आणि मान कलंडली. नर्स शरफुन्निसानं बोट टोचलं. यंत्राकडे बघून तिनं आधी डॉक्टरांना हाक मारली आणि मग आकडा सांगितला. तीस.

पुढची धावपळ मंजिरीनं भिंतीला टेकून पाहिली. शिरेतून साखर चालू झाली. आकडा वर आला, डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. आणि तिला ठाऊक होतं की हा सुस्कारा खोटा आहे. गोळी आत होती आणि तिला बाहेर जायची वाट नव्हती. आता बोललं तर नोकरी, नाव, इकामा, सगळ्यावर पाणी. न बोललं तर... तिनं वाक्य पुरं केलं नाही, सासूसारखंच.

"डॉक्टर," ती म्हणाली, "माझी मुलगी चुकीचं समजली. यांनी गोळ्या दुप्पट केल्या नव्हत्या, बंद केल्या होत्या. आणि मी यांना एक पान पाजत होते. ते पान ही गोळी शरीरातून जाऊ देत नाही. साखर परत पडेल. आज रात्रभर पडत राहील."

डॉक्टर इब्राहीमनी पेन काढलं. "कुठलं पान?"

नाव फोडायचं नाही, असा त्या म्हाताऱ्यांशी करार होता. मंजिरीनं नाव सांगितलं, स्पष्ट, मोठ्यानं, दोनदा.

"तुम्ही औषधशास्त्रज्ञ ना?" एवढंच विचारलं त्यांनी. शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं तिला. मग वळून त्यांनी गोळीवरचा उतारा मागवला, साखरेची बाटली चालूच ठेवायला सांगितली. खरंच, तासाभरात साखर परत घसरली. परत चढवली, परत घसरली. पण आता ती घसरणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी पलंग सोडून हललं नाही.

ओवी कोपऱ्यात उभी होती, पांढरीफटक. "मम्मा, वाढवलं म्हणजे इन्क्रीज्डच ना? माझं काय चुकलं?"

मंजिरीनं तिला जवळ घेतलं आणि सांगितलं. दिवा, बांगडी, दुकान, सगळं. सोळा वर्षं उशिरा.

पोरगी ऐकता ऐकता उसळली. "मग असं का बोलता तुम्ही लोक? बंद केलं तर बंद केलं म्हणा ना! मी विचारलं होतं, कुठे वाढवलं दुकान, तेव्हा सगळे हसलात तुम्ही. कुणी सांगितलं नाही मला! आजी गेली तर मी मारलं असं होईल ना?"

शरफुन्निसा हैदराबादची. बाटली बदलता बदलता हळूच म्हणाली, "चिराग़ बढ़ाना तो हमारे घर में भी बोलते, बाजी. बच्ची को क्या मालूम." ओवीचा बांध त्यावर फुटला, आणि मंजिरीचाही.

अनुराग रास अल खैरहून निघाला होता, वाटेतून परत परत एकच विचारत होता, "बोलली का काही?" नव्हती बोलली. मंजिरीनं पलंगाशेजारी खुर्ची ओढली आणि सासूचा थंड हात धरून बसली. चहाला उठली नाही, पाणी प्यायला उठली नाही. देणाऱ्यानं घेणाऱ्याजवळ बसायचं असतं, देऊन निघून जायचं नाही. ही नुसती छान संस्कृती वाटली होती आपल्याला! सगळ्या कामातली ती पहिली पायरी होती, आणि ती गाळून आपण थेट यकृतापर्यंत पोचलो. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

उजाडताना आकडा एकदाचा स्थिर झाला. सुधाताईंनी डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं, मग मुलाकडे, आणि मग ओवीकडे. "अगो, रडतेस काय अशी?" जीभ जड होती, पण शब्द कळत होते.

ओवीनं सगळं सांगून टाकलं. अर्धं मराठीत, अर्धं इंग्लिशमध्ये, हुंदके देत देत. आजी, मी उलटं सांगितलं डॉक्टरांना. मला माहीत नव्हतं. माझ्यामुळे झालं हे. सुधाताई ऐकत होत्या. त्यांना पुरतं कळलं तेव्हा त्यांचे डोळे मोठे झाले, आणि त्यांनी सलाईन लावलेला हात कसाबसा उचलून नातीच्या गालावर ठेवला. आपल्या एका शब्दानं पोरीला रात्रभर असं जाळलं, याचा धक्का त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता. स्वतःच्या मरणाचा दिसला नसता इतका.

तेवढ्यात डॉक्टर इब्राहीम आले. पेशंट शुद्धीवर बघून पहिल्यांदा हसले. "त्यांना विचार," ते ओवीला म्हणाले, "ते पान घरात अजून शिल्लक आहे का?"

ओवी बिचकली. तिनं आईकडे बघितलं, मग घसा साफ केला आणि शब्द जपून जपून उचलले. "आजी, ते पान अजून आहे घरी? की... की वाढलं?"

बरोबर होतं. अगदी गुहागरला शोभेल इतकं बरोबर होतं. पण सुधाताई हसल्या नाहीत. त्यांनी एकदा छताकडे बघितलं, ओठ घट्ट मिटले, आणि मग उघडले.

"संपलं," त्या म्हणाल्या. "संपलं म्हणून सांग त्यांना. आणि गोळ्या मी बंद केल्या होत्या. बंद."

अनुराग आईच्या तोंडाकडे बघतच राहिला. पन्नाशीला आला होता, पण हे दोन शब्द त्या तोंडून त्यानं कधी ऐकले नव्हते. "आई, अहो..." मंजिरी पुटपुटली.

"ऐकू दे वास्तूला," सुधाताई म्हणाल्या. "पोर चुकायला नको."